माळ्यावरची ट्रंक

एका विद्यापीठात धामणकरबाई म्हणून एक होत्या. देवधर्म माणसाला काय करायला लावतो, बाईला कुठं बसवतो, हे त्या पोरांना शिकवत. त्यांच्या हाताखाली वैजू ही खेड्यातली पोर. हुशार, आणि ते तिला ठाऊकही होतं.

"माझी आई ढोंगी आहे, बाई. तसंच लिहिलंय." वैजूनं लेख टेबलावर ठेवला.

"काय ढोंग केलं?"

"नवरात्रात अंगात देवी आणली. काका माझं लग्न ठरवून बसलेले. ही घुमत घुमत म्हणते, थोरलीला शहरात शिकायला धाडा, नाहीतर घराचं वाटोळं करीन! काका गार पडले. आबांनी, माझ्या वडलांनी, तर पुढं होऊन लोटांगण घातलं."

"म्हणून तू इथं आलीस."

"आले की. पण खोट्यावर! आता धाकट्या नमूसाठीही यंदा तेच नाटक होणार बघा. त्याआधी मी नावागावासकट छापणार."

"काकांनी वाचलं तर? नमूचं काय?"

"खरं ते खरं. तुम्हीच शिकवलंत ना?"

बाईंनी लेख चाळला.

"देवी आली नव्हती, कशावरून?"

वैजू हसली. याच प्रश्नाची ती वाट बघत होती.

"पुरावाच आहे. देवी बोलायच्या आधीच माझ्यासाठी नवी ट्रंक माळ्यावर आणून ठेवलेली. आईनं सगळं आधीच ठरवलं होतं!"

"आई बाजाराला जाते?"

"छे! आमच्या घरच्या बायका बाजाराची पायरी चढत नाहीत. काय हवं-नको ते आबाच..."

वैजूनं लेखातल्या ट्रंकेच्या ओळीवर बोट ठेवलं.

...

"बायकोचं ऐकलं असतं," ती पुटपुटली, "तर काकांनी आबांना ताटाखालचं मांजर म्हटलं असतं. देवीपुढं कोण काय बोलणार..."

मग एकदम तिचे डोळे बारीक झाले. "म्हणजे दोघं मिळून? आणि मला पत्ता नाही?"

बाईंनी लेख तिच्याकडं सरकवला.

"आता छाप. पण ढोंगी म्हणून नाव कुणाचं घालशील?"

वैजूनं लेख उचलला. छापला मात्र नाही.

त्या नवरात्रात देवी पुन्हा बोलली, आबांनी पुन्हा लोटांगण घातलं. जून उजाडला तशी नमू नव्या चपला घालून थोरलीच्या मागं मागं विद्यापीठात आली. त्या घरातल्या दोन लेकी शहरात शिकायला आल्या, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

वैजूच्या मनाची टोचणी मात्र अजून जात नव्हती.

"बाई, खरं सांगा. गप्प बसून मीही त्या ढोंगात सामील झाले ना?"

बाई तिच्याकडं बघेनात. त्यांनी आपली खुर्ची ओढून नमूला दिली.

"बस गं पोरी. काय शिकायचंय तुला? देवीनं तेवढं सांगितलं नसेल."