शनिराजाच्या लेकीचं तोंड

आधीच सांगते, यातलं काहीही मी पाहिलेलं नाही. आणि ज्यांनी पाहिलं, त्या काही बोलत नाहीत.

एक होता शनिराजा. देह केवढा, तर आपल्या पृथ्वीसारख्या शेकडो त्याच्या पोटात मावतील. कमरेभोवती लखलखती कडी. आणि लेकी कितीतरी. त्या सगळ्या चंद्र होत्या, बरं का. बापाला प्रदक्षिणा घालायची, तीही एकाच दिशेनं, एवढाच त्या घरचा रिवाज.

पार कडेला फिरायची धवला. बर्फासारखी गोरी; आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

एकदा काय झालं, लांबच्या काळोखातून एक परकी आली. लहानशी, कोळशासारखी काळी, अंगातून काजळी झरणारी. इथली भाषा तिला अर्धीमुर्धीच येत होती. ती धवलाच्याही बाहेरून फिरू लागली, पण उलट्या दिशेनं. मग काय, दोघी वरचेवर समोरासमोर यायच्या.

पहिल्या भेटीत परकी म्हणाली, “ताई, मी इथं राहू?”

धवला तोंड फिरवून पुढे निघून गेली.

दुसऱ्या भेटीत परकीनं विचारलं, “राहायचं तर काय करावं लागतं, ताई?”

“आधी सरळ फिरायला शीक,” धवला म्हणाली, आणि आतल्या बहिणी फिदीफिदी हसल्या.

मग तिसरी भेट. “ते नाही जमत, ताई. दुसरं काही काम सांगा.”

धवला वैतागली. म्हणाली, “तोंड काळं कर.”

म्हणजे चालती हो. हे तुम्हाआम्हाला कळतं. परकीनं मात्र शब्द जसाच्या तसा उचलला. तिला वाटलं, काम मिळालं. कोणाचं तोंड, हे ताईंनी सांगितलं नव्हतं. पण स्वतःचं तर आधीपासूनच काळं होतं.

मग ती आपली काजळी धवलाच्या तोंडावर शिंपू लागली. थोडी थोडी, हलक्या हातानं.

आपलं तोंड आपल्याला कुठे दिसतं? धाकट्या बहिणीनं विचारलं, “हे काय गं?” तेव्हा धवलाला कळलं. ती म्हणाली, “ऊन लागलं.” मग थोरलीनं विचारलं. “जन्मखूण आहे,” धवला म्हणाली. “परवापर्यंत नव्हती ती,” थोरली म्हणाली.

मग खुद्द शनिराजानं विचारलं, “कोणी केलं?”

परकीचं नाव धवलाच्या ओठांवर आलं. एक शब्द, आणि राजानं तिला हाकललं असतं. इतक्यात परकीच समोर आली, आनंदानं नुसती फुललेली. “ताई, पुढची बाजू झाली. मागचीही करू? आता राहू द्याल ना?”

अशा वेळी वाटतं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धवला स्वतःच एक धरणी. ती जाणार कुठे?

“बाबा,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “मीच सांगितलं होतं तिला.”

“काय सांगितलंस?”

धवलानं ते शब्द पुन्हा उच्चारले. बापासमोर, बहिणींसमोर. या वेळी कोणी हसलं नाही.

“मग ती राहील,” शनिराजा म्हणाला. “तोंड पुसायचं की नाही, ते तुझं तू ठरव.”

धवलानं पुसलं नाही. पुसलं असतं, तर त्या पोरीला वाटलं असतं की आपलं काम पसंत पडलं नाही. ती एवढंच म्हणाली, “पुरे गं. एवढंच हवं होतं.”

तेव्हापासून धवला पुढून काळी, मागून गोरी. परकी अजून उलटीच फिरते, आणि तिला कोणी टोकत नाही. सगळ्या सुखानं नांदतात. आता तुम्हीही पांघरूण ओढा आणि डोळे मिटा.

ती परकी मूळची कुठली, हे मात्र आजवर कोणाला नक्की कळलेलं नाही. त्यामुळे ‘तोंड काळं कर’ याचा अर्थ तिला खरंच ठाऊक नव्हता का, तेही नाही.