अजून थोडं म्हणणाऱ्या राजाचा महाल

एका राज्यात दिगंतसेन नावाचा राजा होता, त्याचा महाल होता आणि महालाचं काम चालू होतं. राज्यातली लहान मुलं मोठी झाली, मोठी म्हातारी झाली, पण काम काही संपेना. राजा मनाने वाईट नव्हता. कारागिरांना मान देई, पानसुपारी देई. पण कितीही सुंदर दालन सजवून दाखवा, तो हनुवटी खाजवून म्हणे, "छान आहे. अजून थोडं." अजून थोडं काय, ते मात्र त्याला सांगता येत नसे.

छत बदलून बदलून दाढी पिकलेल्या एका जादूगाराने शेवटी शाप दिला, की जो या महालात तीनदा 'अजून थोडं' या शब्दांचा धनी होईल त्याचं लाकूड होवो. त्याच्या मनात होता राजा, पण शाप लागला तो हे शब्द ऐकून घेणाऱ्या कारागिराला. रागाच्या भरात असंच होतं, आणि मोठी माणसं नेहमी अशीच सुटतात.

त्या राज्यात विश्राम नावाचा एक नामांकित सजावटकार होता. त्याच्या हातात जादू होती, पण जिभेला नाही म्हणता येत नसे. राजा काहीही मागो, विश्राम मान डोलवी. "होऊन जाईल, महाराज!" असं होता होता एके दिवशी विश्रामची आरामखुर्ची झाली.

त्याची मुलगी वेणुका बापाला सोडवायला निघाली. बापाची कला तिच्या हातात उतरली होती, आणि दुर्दैवाने जीभही त्याचीच होती. महालाच्या कमानीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "मुली, परत जा. इथे कारागीर दोन पायांनी येतो आणि चार पायांवर उभा राहतो."

"माझे वडील आत आहेत."

"भिंतीकडेची आरामखुर्ची. खोळ घातलेली. शाप मोडायचा तर राजाने आपण होऊन 'पुरे' म्हणायला हवं. पढवून म्हटलेलं चालत नाही." एवढं सांगून साळुंकी पंख साफ करू लागली.

वेणुका दरबारात गेली. राजा म्हणाला, "दिवाणखाना शेजारच्या राजाकडे आहे तसा हवा. पण त्याच्यापेक्षा वेगळा. उजेड भरपूर, पण उजेड दिसता कामा नये."

"होऊन जाईल, महाराज," वेणुका म्हणाली आणि लगेच जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. डोंगरापलीकडच्या चेटकिणीकडून तिने चांदण्याच्या लडी आणल्या, त्यांचे पडदे विणले. दिवाणखाना दुधासारखा झाला. राजाने हनुवटी खाजवली.

"छान आहे. अजून थोडं."

वेणुकेची पावलं सागवानी झाली. चालताना टक टक वाजू लागली.

"आता पलंग," राजा म्हणाला. "अगदी साधा. पण पाहणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत."

गाणाऱ्या चंदनाच्या वनात जाऊन, झाडाची परवानगी घेऊन, तिने पलंग घडवला. त्यावर हात ठेवला की अंगाईचे सूर येत. राजा त्याच्याभोवती फिरला, वाकून खालूनही पाहिला.

"छान आहे. हाच जरा निळा असता तर... अजून थोडं."

गुडघ्यापर्यंत लाकूड चढलं, वर पॉलिशही झालं. लाकूड उत्तम होतं, पण ते कौतुक करण्याची ती वेळ नव्हती.

"तिसरं दालन आमच्या मनात आहे तसं हवं," राजा म्हणाला.

"मनात कसं आहे, महाराज?"

"ते पाहिल्यावर कळेल. तुम्ही दाखवा तर खरं."

वेणुकेने भिंतीकडे पाहिलं. खोळीतून बापाच्या खुर्चीचा एक हात बाहेर आला होता. त्या हाताला धरून ती चालायला शिकली होती. तिला रडू आलं, बापाचा रागही आला. एकदा तरी नाही म्हणाला असता! मग तिने मोठा श्वास घेतला.

"महाराज, हे माझ्याच्यानं होणार नाही."

दरबारात चवरी ढाळणाऱ्यांचे हात थांबले. राजाला 'नाही' ऐकायची सवयच नव्हती. तो बसायला जागा शोधू लागला आणि उभाच राहिला.

"आपण दिवसभर बसता कुठे?" वेणुकेने विचारलं.

राजाने आधी राणी हिरण्यवतीच्या महालाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तबेल्यात. गवताच्या भाऱ्यावर."

"इथे एवढी आसनं असताना?"

"ती पाहुण्यांसाठी आहेत. राणीसाहेब म्हणतात, डाग पडतील."

वेणुकेला हसू आवरेना. टक टक करत ती भिंतीशी गेली, खोळ ओढून फेकली आणि आरामखुर्ची ओढत पूर्वेच्या खिडकीशी आणली. वाटेतला सोन्याचा हत्ती तिने बाजूला सरकवला. "बसा. पाय वर घेतलेत तरी चालेल."

राजा बसला. मुकुट काढून मांडीवर ठेवला. वाऱ्याची झुळूक आली. त्याने भाजलेले शेंगदाणे मागवले, आणि साली खाली पडल्या तरी कुणी काही बोललं नाही.

वेणुकेचा जीव टांगणीला लागला होता. पण काम करणाऱ्याने विचारायचं ते विचारावंच लागतं. "अजून काही हवं का, महाराज?"

"अजून..." राजा म्हणाला. वेणुकेने डोळे मिटले. "अजून कशाला? पुरे."

त्याबरोबर महालातले चौरंग, तिवया, पाट, कपाटं आळोखेपिळोखे देत माणसं झाली. वेणुकेच्या पायांत पुन्हा रक्त खेळू लागलं. आणि राजा दिगंतसेन विश्रामच्या मांडीवर शेंगदाणे खात बसलेला सर्वांनी पाहिला.

"महाराज, जरा उठता का? पायाला मुंग्या आल्यात," विश्राम म्हणाला. लेक त्याच्या गळ्यात पडली. दोघं खूप रडली. राजाही रडला, कारण इतकं छान बसणं मोडलं होतं.

गलबला ऐकून राणी हिरण्यवती धावत आली. सालींकडे पाहून तिने कपाळाला हात लावला, पण सजावटकार दिसताच चेहरा उजळला.

"विश्राम, बरं झालं भेटलात! आमच्या महालाचंही सगळं नवं करायचंय. हंसांच्या पिसांचं छत, पाचूची जमीन, आणि भिंती कशा, तरंगत्या! येत्या पौर्णिमेला पाहुणे यायचेत."

विश्रामने सवयीने मान डोलवायला घेतली. वेणुकेने त्याच्याकडे पाहिलं. मान अर्ध्यावर थांबली. आयुष्यभर जे विचारायला तो भ्याला, ते त्याने हात जोडून विचारलं.

"राणीसाहेब, आधी एक सांगा. तिथे आपल्याला काय करायला आवडेल?"

राणी दागिने सावरत जमिनीवरच बसली आणि सांगू लागली.