गेनूचे सातशे दोस्त आणि एक शिरपत

एका गावात एक भोळा माणूस होता. नाव गेनू. तो दोरीच्या बाजा विणायचा. त्याची गाठ अशी बसायची की बाज मोडेल, पण दोरी सुटणार नाही. गाठी मारताना कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून त्याला हे काम आवडायचं. चार माणसं एकत्र दिसली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. कुणाच्या लग्नाला गेलाच, तर तो आचाऱ्याजवळ बसून कांदे चिरायचा आणि जेवून परत यायचा.

गेनूला दोस्त एकच. शिरपत. एसटी गाडीच्या थांब्याशेजारी शिरपतचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. शिरपतही न बोलणाराच. रोज संध्याकाळी गेनू तिथं जाऊन बसायचा. शिरपत शेंगा पुढे सरकवायचा. दोघं शेंगा फोडत रस्ता बघायचे. अंधार पडला की गेनू म्हणायचा, "येतो." शिरपत म्हणायचा, "हं." एवढ्यावर दोघांनाही रात्री शांत झोप लागायची.

हे गेनूच्या बायकोला, कुसुमला, बघवत नसे. ती बचत गटाची अध्यक्ष. ती बोलायला लागली की पंखा थांबला तरी लोक उठत नसत.

"अहो, माणसाला एकच दोस्त असतो व्हय? लोकांना हजार-हजार असतात," ती म्हणाली. तिनं आपला जुना फोन त्याला दिला आणि गावातल्या सगळ्या ग्रुपांत त्याला घातलं.

"बोलावं लागंल?" गेनूनं घाबरत विचारलं.

"काही नको. कुणी काही दाखवलं की अंगठा दाखवायचा. झाली दोस्ती."

न बोलता दोस्ती होते हे ऐकून गेनूचे डोळे भरून आले. तो अंगठे दाखवत सुटला. पंधरा दिवसांत त्याचे सातशे दोस्त झाले.

एका संध्याकाळी तो शिरपतकडे गेला. शिरपत ट्रॅक्टरचं मोठं चाक उभं करत होता. त्याचा हात सटकायला लागला. तो म्हणाला, "गेनू, धर जरा."

गेनू पुढे झाला. मोठ्या प्रेमानं त्यानं अंगठा दाखवला.

चाक सुटलं. उतारावरून गेलं, ते थेट तळ्यात म्हशींच्या शेजारी जाऊन बसलं. शिरपत म्हणाला, "हं." पण हे हं जरा वेगळं होतं. भोळ्या माणसाला एवढं बारीक कुठलं ऐकू यायला?

घरी कुसुमनं डोक्याला हात लावला. "अहो, अंगठा सगळीकडं चालत न्हाई. समोर काय हाय ते बघायचं. आता हार घातलेला माणूस दिसला, तर अंगठा दाखवाल का? तिथं हात जोडायचे आन् म्हणायचं, भावपूर्ण श्रद्धांजली."

"हार दिसला की हात जोडायचे," गेनूनं घोकलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेतले शेंडगे गुरुजी निवृत्त झाले. मांडवात सत्कार होता. गुरुजी खुर्चीत बसले होते आणि गळ्यात झेंडूचा जाडजूड हार होता. हार दिसताच गेनू उठला. जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस व्यासपीठावर चढला. त्यानं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "भावपूर्ण श्रद्धांजली."

मागच्या रांगेतले दोघं सवयीनं उभे राहिले. त्यांना बघून सगळा मांडव उभा राहिला. दोन मिनिटं शांतता झाली. गुरुजींना काय करावं कळेना, तेव्हा तेही उभे राहिले.

"अहो, माणूस जिता होता की," कुसुम घरी म्हणाली. "डोळ्यांसमोर जिता माणूस असला तर म्हणायचं, अभिनंदन, असेच पुढे जात राहा."

"जिता असला की पुढे जात राहा," गेनूनं घोकलं.

दोन दिवसांनी चांगदेव दूधवाला सायकलवरून उतारानं येत होता. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. त्याचा ब्रेक गेला होता. गेनूला बघून तो ओरडला, "गेनू, धर की रं!"

गेनूनं नीट निरखून पाहिलं. माणूस जिवंत होता. "अभिनंदन," गेनू म्हणाला. "असेच पुढे जात राहा."

चांगदेव पुढे गेला. ओढ्यापर्यंत गेला. त्या दिवशी गावातल्या मांजरांनी दुपारचं जेवण ओढ्याकाठी केलं.

आता मात्र कुसुमचा आवाज चढला. "जाणाऱ्याला शुभेच्छा देऊ नका! कुणी असं जाताना दिसलं की मागनं धरा. हाताला येत नसला तर बांधा. पण थांबवा."

"जाताना दिसला की बांधायचा," गेनूनं घोकलं. बांधणं त्याच्या हातचं काम होतं, त्यामुळे हा धडा त्याला चटकन पटला.

या सगळ्यात महिना गेला. गेनू शिरपतकडे फिरकला नाही. सातशे लोकांना अंगठे दाखवायचे म्हणजे संध्याकाळ पुरत नाही. शिरपत दोन माणसांच्या शेंगा पुढ्यात घेऊन बसायचा आणि अर्ध्या परत डब्यात ठेवायचा.

एका सोमवारी गेनू खांद्यावर दोरीचं भेंडोळं घेऊन थांब्यावरून चालला होता. बघतो तर शिरपतचं दुकान बंद. शिरपत इस्त्रीचा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन तालुक्याच्या गाडीत चढत होता.

गेनूला वाटलं, झालं! शिरपत गाव सोडून चालला. सातशे दोस्तांतला एकही आपल्यासाठी कधी शेंगा घेऊन बसला नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि रडू आलं. हाक मारावी तर जीभ टाळूला चिकटलेली. गाडीचं इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात त्याला धडा आठवला. शिरपत हाताला येत नव्हता, पण गाडी येत होती. गेनूनं दोरीचं एक टोक गाडीच्या मागच्या शिडीला बांधलं. दुसरं टोक शेजारी जे काही घट्ट रोवलेलं दिसलं त्याला बांधलं. ते शिरपतच्या दुकानाचे खांब होते. त्यानं चारही खांबांना वेढे दिले, कारण काम अर्धवट करायची त्याला सवय नव्हती.

गाडी निघाली. दोरी ताणली. मग दुकानही निघालं. खांब, पत्रा, पंक्चरची टोपली असा सगळा संसार गाडीच्या मागे पुलापर्यंत गेला आणि पुलाच्या दोन कठड्यांत आडवा अडकला. गाडी जागेवर गुरगुरत राहिली. गेनूची गाठ सुटली नाही.

शिरपत खाली उतरला. गेनू धावत आला आणि म्हणाला, "शिरपत, जाऊ नको. तुझ्याबिगर मला करमत न्हाई." तीस वर्षांच्या दोस्तीत एवढं लांब तो पहिल्यांदाच बोलला होता.

"कुठं जाऊ नको?" शिरपत म्हणाला. "फोन घ्यायला चाललो हुतो. तू आता फोनातच असतोस. म्हटलं, आपुनबी तिथंच येऊन बसावं. दुपारच्या गाडीनं माघारी येणार हुतो."

"मग सांगायचं न्हाई का?"

"मी कधी काय सांगतो का?"

हे खरं होतं. दोघंही गप्प झाले. बऱ्याच दिवसांनी असं गप्प होता आलं म्हणून दोघांनाही बरं वाटलं. कंडक्टर शिट्टीवर शिट्टी मारत होता, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग शिरपतनं वळून थांब्याकडे पाहिलं. जिथं दुकान होतं तिथं चार खड्डे होते.

"आता सांजचं बसायचं कुठं?" त्यानं विचारलं.

गेनूनं खड्डे पाहिले. दोरी पाहिली. मग गाडीकडे पाहून त्याचा चेहरा उजळला.

"गाडीत बसू," तो म्हणाला. "मी बांधलीय तिला. आता ती कुठं जात न्हाई."