घाट उतरून गेलेली माणसं

कोकणातल्या विक्रेत्यांचा मेळावा संपल्यावर त्या पाहुण्यांना आपण होऊन फोन करायचा नाही, गरज असेल तो येईल, हा कराडच्या घाटग्यांच्या तेलघाणे बनवणाऱ्या कारखान्याचा नियम. त्यावर प्रश्न विचारायचा नाही, असं घरातल्या मृणालला लहानपणापासून बजावलेलं. गेल्या वर्षी मेळाव्यात जेवून गेलेला एकही विक्रेता तेलघाणा घ्यायला परतला नाही. यंदाही तसंच झालं, तर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने विक्रेत्यांना फोन करायला तो उचलला, तसे बापूकाका सगळ्या थोरल्यांदेखत कडाडले, “ठेव तो! लोकांपुढे हात पसरायचेत का आपल्याला?”

“काका, परवा तुमचे व्याही चिपळूणला गेले, तेव्हा पोचलात का म्हणून फोन कुणी केला?”

“मीच केला. घाट उतरायचा होता त्यांना. काळजी नको?”

“म्हणजे व्याह्यांपुढे हात पसरलेत?”

“काहीतरीच बोलू नकोस! ती आपली माणसं आहेत.”

“हे विक्रेतेही आपल्याच पंगतीला जेवून तोच घाट उतरले. पोचलात का, एवढंही ज्यांनी विचारलं नाही, त्यांचा घाणा ते कशाला घेतील? मी फोन ठेवणार नाही.”

तिने पहिल्या विक्रेत्याचा नंबर लावला. पलीकडे वाजणारी रिंग खोलीत सगळ्यांना ऐकू येत होती. तो पोचला का, हे ऐकायला बापूकाकाही पुढे सरकले.