हणमानं केलेली कानपिळी

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव हणमा. दहा म्हशी सांभाळायचा, त्यांच्या धारा काढायचा आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. तेवढाच काय तो त्याचा दोष.

त्याला एकच बहीण, केतकी. पुण्यात नोकरीला होती. तिचं लग्न ठरलं पुण्याच्याच ऋत्विजशी. पण हल्ली लग्न नवऱ्याच्या गावी लावत नाहीत, नवरीच्याही नाही. दोघांचंही जिथं कुणी नसतं तिथं जाऊन लावतात. त्याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात. तर हे लग्न ठरलं समुद्रातल्या एका बेटावर, नारळाच्या बनात.

हणमाला बेटाचं काही नव्हतं. त्याला हवी होती फक्त कानपिळी. लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मागेल ते घ्यायचं, हा भावाचा मान. लहानपणापासून तो या एका मानाची वाट बघत होता.

लग्नाचा सगळा कारभार नानाकाकांकडे. ते म्हणाले, "हणमा, एक जरी घोळ घातलास, तर कान आमचा विज्या पिळंल. चुलत असला तरी भाऊच हाय त्यो."

"न्हाई घालत, काका."

"मग पत्रिका वाट. समद्या गावाला द्यायच्या. पर बेटावर जागा चाळीस माणसांचीच. तवा यायचं कुणी न्हाई, नुसता आशीर्वाद पायजे."

हणमा निघाला. पहिलं घर गुरवीण आजीचं. आजीनं पत्रिकेला हळदकुंकू लावलं. हणमा म्हणाला, "आजी, केतकीचं लगीन हाय. तुमी यायचं न्हाई."

आजी म्हणाली, "बरं बाबा. कवा यायचं न्हाई?"

"पंचमीला. सकाळी अकराच्या आत."

संध्याकाळपर्यंत अख्खं गाव नानाकाकांच्या दारात भांडायला उभं. गाव गेल्यावर काकांनी हणमाला धरलं. "आरं, आवतण असं देत्यात व्हय? आग्रह करायचा! हाताला धरायचं. 'तुमच्यावाचून खोळंबलंय' म्हणायचं. न्हाई म्हणाले तर ऐकायचंच न्हाई!"

"आता ध्यानात ठेवतो, काका."

आणि त्यानं ठेवलं. लग्नाच्या दिवशी काका सकाळीच बेटावर गेले आणि हणमाला धक्क्यावर ठेवलं. शेवटच्या होडीतून उरलेले बारा पाहुणे आणायचे होते. हणमा धक्क्यावर फिरला. एक शहाळीवाला भेटला. हणमानं त्याचा हात धरला. "चला, तुमच्यावाचून खोळंबलंय." तो नको म्हणाला, म्हणून हणमानं त्याला होडीत बसवला. जाळं विणणारे चार कोळी नको म्हणाले, तेही बसले. एक सहलीचं कुटुंब तर फारच नको म्हणत होतं, त्यांना पोराबाळांसकट बसवलं. बारा झाले.

भटजी पिशवी घेऊन उभे होते. त्यांना मात्र हणमानं काही म्हटलं नाही. ते यायलाच आले होते, त्यांना कसला आग्रह?

होडी बेटाला लागली. काकांनी माणसं बघितली आणि ते मटकन वाळूतच बसले. होडी भटजींसाठी आणि बाकीच्यांसाठी परत पाठवावी लागली. तोवर शहाळीवाल्यानं दोनदा पोहे घेतले.

"वळख ना पाळख!" काका ओरडले. "ही घे यादी. आता मांडवाच्या दाराशी हुबा ऱ्हा. यादीत नाव असंल त्यो आपला. नसंल तर परत्यक्ष इंद्र आला तरी आत सोडायचा न्हाई!"

हणमा दाराशी उभा राहिला. मुहूर्ताला थोडा वेळ उरला असताना नवरदेव आला. बेटावर घोडी मिळाली नव्हती, म्हणून मुंडावळ्या बांधून पाण्यावरच्या स्कूटरवरून आला. सोवळं खालून ओलं झालं होतं.

"नाव?" हणमा म्हणाला.

"अहो भाऊ, मी ऋत्विज!"

हणमानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. ती पाहुण्यांची यादी. "न्हाई."

"अहो, मी नवरा आहे!"

"असाल की. यादीत न्हाई."

नवरदेवाची आई यादीत होती, ती आत गेली. मावशा गेल्या. नवरा बाहेर. आत भटजी घड्याळ बघून घसा खाकरू लागले, तेव्हा काका धावत आले.

"गाढवा! ज्याच्यासाठी समदं मांडलंय, त्याला यादी लागत न्हाई! त्याला उचलून घ्यायचं. वाळूला पाय लागू द्यायचे न्हाईत!"

हणमानं नवरदेवाला खांद्यावर टाकला आणि पाटावर नेऊन ठेवला.

काका म्हणाले, "बास. कान विज्याच पिळणार."

हणमाचे डोळे भरून आले. केतकीनं ते पाहिलं. "काका, कान दादाच पिळणार. नाहीतर मी पाटावर बसत नाही."

काकांचा नाइलाज झाला. त्यांनी हणमाला बाजूला घेतलं. "नीट ऐक. कान धरायचा. मनात असंल ते मागायचं. मिळंस्तवर सोडायचा न्हाई. मिळालं की आपलं घिऊन सरळ चालतं व्हायचं. तिथं घुटमळायचं न्हाई."

मंगलाष्टकं झाली, हार पडले. होमात लाह्या पडल्या. हणमानं ऋत्विजचा कान धरला.

ऋत्विज हसत म्हणाला, "मागा भाऊ. घड्याळ? मोबाइल?"

हणमाच्या मनात महिनाभर एकच गोष्ट होती. "आमची केतकी परत द्या."

सगळे हसले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. फोटोवाला म्हणाला, "वा! आणखी एकदा!"

हणमानं आणखी एकदा पिळला. दहा म्हशींच्या धारा काढणारी बोटं ती. ऋत्विज कळवळला. "दिली! दिली! घेऊन जा!"

हणमानं लगेच कान सोडला. आज सगळं मांडलं होतं ते केतकीसाठी. त्यानं तिला उचलून घेतलं, वाळूला पाय लागू दिले नाहीत, आणि होडीत नेऊन बसवलं. "चला," तो नावाड्याला म्हणाला.

भटजी ओरडले, "अहो, सप्तपदी राहिली!" पण सनईवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमच आहे, त्यांनी जोरात वाजवलं. पाहुण्यांनी उरलेल्या अक्षता टाकल्या.

केतकीही हसत होती. होडी वळायचं नाव घेईना, तेव्हा ती हसायची थांबली. "दादा, आता परत फिरायचं ना?"

"परत कशाला? मागितली, मिळाली. घरी चाललोय."

तिनं मागं पाहिलं. नवरदेव लाल कान धरून गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या शेजारी काका दोन्ही हात हलवत उड्या मारत होते.

हणमानंही त्यांना हात केला. "बघ केतके, काका कसं खूश झाल्यात. आज पयल्यांदाच माझं काय चुकलं न्हाई."