मनीमावशीचा कवडसा

फार पूर्वी, मांजरं कोंबड्यांशी गोड बोलायची तेव्हाची गोष्ट. मनीमावशी आरशाच्या तुकड्यानं परसातल्या भिंतीवर कवडसा नाचवायची, आणि तांबडी नावाच्या कोंबडीची पिल्लं माती उकरायचं सोडून टक लावून बघत बसायची.

“पोरं कशी गप्प बसलीत! तू निवांत दाणे टिप,” मनी म्हणाली.

तांबडीच्या मनात पाल चुकचुकली. मांजरीला माझ्या पोरांचा एवढा कळवळा? ती पिल्लांतच जाऊन बसली. कवडसा हळूच कुंपणाकडे सरकला, तशी पिल्लंही सरकली. कुंपणाच्या भगदाडापलीकडे मनीची पोरं दबा धरून बसली होती. त्यांतलं एकही कवडशाकडे बघत नव्हतं.

तांबडीनं पिल्लं झटकन पंखाखाली घेतली. “मावशी, एवढा छान खेळ,” ती म्हणाली, “तुमची पोरं का हो बघत नाहीत?”