आधी शाल, मग माश्या

एक होतं गाव, आणि त्या गावात होतं एक मधमाशी मंडळ. मंडळात शिकायला काय नव्हतं! पेटी साफ कशी करायची, धूर बेताने कसा द्यायचा, राणीमाशी कशी ओळखायची... पण एकही धडा सत्काराशिवाय सुरू व्हायचा नाही. नारळ हवा, शाल हवी, भाषण तर हवंच हवं!

या मंडळात एक भोपळेवाली होती. तिच्या वेलांना फुलं ढीगभर यायची नि तशीच गळून पडायची, कारण शिवारात मधमाशीच उरली नव्हती. माश्यांची एक पेटी मळ्यात आली असती, तर भोपळे धरले असते. त्यासाठीच तर ती शिकायला यायची बिचारी.

एके सकाळी मंडळाच्या दारातल्या शेवग्यावर माश्यांचा हा एवढा थवा येऊन लटकला. तो आधी दिसला भोपळेवालीला. सगळे म्हणाले, पकड, पेटी तुलाच! तिने लगेच शिडी लावली, टोपली घेतली.

"अगं थांब!" अध्यक्ष ओरडले. "प्रास्ताविक राहिलंय!"

"अहो, माश्या राहायला नाही आल्यात! नवं घर सापडेपर्यंत टेकल्यात नुसत्या."

"मग आपणही टेकू की. खुर्च्या आणा रे!"

झालं! प्रास्ताविक झालं. स्वागत झालं. नारळ कोणी कोणाला द्यायचा, यावरून रुसवेफुगवेही झाले. भोपळेवालीने कपाळाला हात लावला.

"आवरा की हो लवकर!"

"तुला भारीच घाई बाई," सचिव म्हणाले. "बोहल्यावरसुद्धा अशीच पळत गेली होतीस का?"

सगळे खो खो हसले. ती इतकी वैतागली, की टोपली उचलून तडक शिडी चढायला लागली. आता हात पोचणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि आता, थवा शोधल्याबद्दल भोपळेवालीबाईंचा सत्कार!"

तिचा पाय अडला. शाल चांगली अंजिरी रंगाची होती. आजवर तिला कोणी साधं फूलसुद्धा दिलं नव्हतं. 'एक मिनिटच तर लागेल,' असं म्हणत ती खाली उतरली.

शाल खांद्यावर पडली, टाळ्या कडाडल्या, आणि शेवगा बघता बघता रिकामा झाला. माश्या गेल्या डोंगरापलीकडे.

"अरेरे," अध्यक्ष हळहळले. "निदान आभारप्रदर्शन तरी ऐकून जायचं!"

भोपळेवाली चिडणार कोणावर? शिडीवरून ती स्वतःच तर उतरली होती.

त्या वर्षी मळ्यात एकही भोपळा धरला नाही. शेजारीण विचारायची, "काय गं, भोपळे कुठायत?"

"सत्कार झाला त्यांचा!" ती फणकारायची.

तर मंडळी, तात्पर्य काय: आपला वेळ लोक खातात म्हणून आपण ओरडतो खरं, पण शेवटचा घास बऱ्याचदा आपणच घेतलेला असतो.